स्टेअरिंग जड येतंय? रॅक बदलण्याआधी बघायच्या गोष्टी

गॅरेजमध्ये गाडी लावून "स्टेअरिंग जड येतंय" एवढंच सांगितलं, की समोरून बऱ्याचदा एकच उत्तर येतं, "रॅक गेलाय." कधी तो खरंच गेलेला असतो. पण रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा आडवा दांडा आणि त्याचं घर, हा त्या सगळ्या साखळीतला सगळ्यात महागडा आणि काढायला सगळ्यात किचकट भाग. त्याच्या आधी बिघडू शकतील अशा पाच-सहा स्वस्त गोष्टी तिथेच, बॉनेटखाली असतात. माझ्या २००६ सालच्या हॅचबॅकचा रॅक असाच निघायच्या बेतात होता. कोटेशन खिशात घालून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं, तर तेलाच्या डबीतून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाइपची क्लिप ढिली झालेली सापडली. नवी क्लिप आणि अर्धा लिटर तेल, एवढ्यावर काम भागलं. तो रॅक अजून त्याच गाडीत आहे.

ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे आणि हातात पाना फारसा धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक तपासण्यांना लागतं ते एवढंच: टॉर्च, मोठा पुठ्ठा, चिंध्या, हवेचा गेज, गाडीतला जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर साधा मल्टिमीटर. आणि स्टेअरिंग फिरवायला घरातलं एक माणूस.

गाडीत नेमकं आहे काय?

बॉनेट उघडा. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा छोटा पंप आणि त्याच्या आसपास, झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलेली प्लॅस्टिकची डबी दिसली तर स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारं. इंडिका, जुनी सँट्रो, स्कॉर्पिओ, पहिली इनोव्हा ही सगळी त्याच घराण्यातली. डबीही नाही, पंपही नाही, पण इंजिन चालू केल्यावर स्टेअरिंग हलकं होतं, तर ते इलेक्ट्रिक. २००५ ची स्विफ्ट, २००७ ची आय-टेन या त्या बाजूच्या. तेलावरचं पॉवर स्टेअरिंग विकायच्या गाडीत पहिल्यांदा आणलं क्रायस्लरने, १९५१ साली अमेरिकेत. विजेवरचं आणलं सुझुकीने १९८८ मध्ये, सर्व्हो नावाच्या जपानी छोट्या गाडीत. छोट्या इंजिनवर पंपाचा बोजा नको, हा त्यातला मोठा फायदा.

तिसरी शक्यताही आहे, हसू नका. ऑल्टोसारख्या गाड्यांच्या जुन्या साध्या मॉडेलना पॉवर स्टेअरिंग नसायचंच. सेकंड हँड घेतलेल्या अशा गाडीचं "पॉवर गेलंय" म्हणून गॅरेज गाठलेला माणूस मी पाहिलाय.

तेलावरच्या यंत्रणेचं काम थोडक्यात समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पंप तेल दाबाने पुढे ढकलतो. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. तुम्ही स्टेअरिंग डावीकडे पिळलं की तो तेल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला सोडतो, उजवीकडे पिळलं की दुसऱ्या बाजूला. काम झालेलं तेल परतीच्या पाइपने डबीत येतं. म्हणजे डबी, पंप, पट्टा, दोन पाइप, व्हॉल्व्ह आणि रॅक. सगळा संसार एवढाच. काही जीपवजा गाड्यांत रॅकच्या जागी स्टेअरिंग बॉक्स असतो, पण तपासायचा क्रम तोच.

तक्रार नीट मांडा

"जड येतंय" यात काहीच माहिती नाही. कधी जड येतंय, यात सगळं आहे. गाडी काढण्याआधी एका कागदावर लिहा: सकाळी पहिल्यांदा काढताना जड, की तास-दोन तास चालवल्यावर? गाडी उभी असताना पार्किंग करताना, की चालतानाही? दोन्ही बाजूंना, की फक्त डावीकडे? ॲक्सिलरेटर थोडा दाबला तर हलकं होतं का? हळू फिरवलं तर ठीक आणि झपकन फिरवलं तर मध्येच अडकल्यासारखं होतं का? आवाज येत असेल तर कण्हल्यासारखा, किंचाळल्यासारखा, की खटखट?

यातला ॲक्सिलरेटरचा प्रश्न फार कामाचा आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतं चालू. स्टेअरिंग फिरवून बघा. मग कोणाला तरी इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर धरायला सांगा आणि पुन्हा फिरवा. वेग वाढल्यावर हलकं झालं तर पट्टा घसरतोय, तेल कमी आहे किंवा पंप थकलाय. काहीच फरक पडला नाही तर पंपाला दोष देण्याची घाई करू नका.

पहिल्यांदा टायर, मग जॅक

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

पुढच्या टायरची हवा मोजा, टायर थंड असताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे ३० लिहिलंय आणि टायरात २० आहे, तर जगातला कुठलाही पंप ते स्टेअरिंग हलकं करणार नाही. आधीच्या मालकाने शोभेसाठी कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर टाकलेत का, तेही बघा. मग पार्किंगमध्ये जड येणं हा बिघाड नाही, तो त्या हौसेचा खर्च आहे.

आता जॅक. सपाट, टणक जागा. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटतील इतकी गाडी उचला आणि ती घोड्यांवर टेकवा. विटांवर नाही, नुसत्या जॅकवर तर नाहीच. गाडीखाली शिरायचंही नाही, या तपासणीला त्याची गरज नाही. इंजिन बंद ठेवा, स्टेअरिंग लॉक सुटेल एवढी किल्ली फिरवा आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा.

चाकं हवेत असताना जमिनीचं घर्षण नाही आणि इंजिन बंद म्हणून पॉवरही नाही. आता हाताला जे जाणवतं ते शुद्ध यांत्रिक. थोडा तेलाचा विरोध लागेल, तो एकसारखा असेल तर ठीक. तरीही जडच लागत असेल, तर गडबड पॉवरमध्ये नाहीच. चाकाला वळू देणारे बॉल जॉइंट गंजून धरलेत, शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावरचं बेअरिंग अडकलंय, नाहीतर स्टेअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दांडा वाकतो तिथला जोड, घट्ट झालाय. डोक्यावरचं बेअरिंग गेलं असेल तर चाक फिरताना स्प्रिंग "टंग्" करून उडाल्यासारखी वाजते. बॉनेट उघडं ठेवून शॉकच्या वरच्या टोकावर बोटं टेकवलीत तर तो झटका बोटांना कळतो. युनिव्हर्सल जॉइंटची खूण आणखी गमतीची: स्टेअरिंगच्या एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं, ठरलेल्या जागीच. कोकणातल्या आणि सतत पावसात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा जॉइंट गंजलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. काही वेळा गंज सोडवणारं तेल मारून तो तात्पुरता मोकळा होतो, पण खूप धरला असेल तर बदलायचाच.

चाकं हवेत असताना स्टेअरिंग मोकळं फिरतंय आणि जमिनीवर इंजिन चालू असूनही जड आहे, तर मात्र पॉवरची मदत कमी पडतेय. तर पुढे चला.

गाडी घोड्यांवर आहे तोवर आणखी एक तपासणी उरकून घ्या. गिअर न्यूट्रलमध्ये आणा, स्टेअरिंग मध्यावर ठेवा, हात काढा, इंजिन चालू करा. स्टेअरिंग आपलं आपण एका बाजूला वळायला लागलं तर रॅकमधला व्हॉल्व्ह बिघडलाय. हे क्वचितच होतं. गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते म्हणून येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक किंवा टायर निघतो. पुढची दोन चाकं डावी-उजवीकडे अदलाबदल करून बघा. टायर कुठल्याही बाजूला फिरणारे असतील तरच हे करा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा.

तेल: रंग, फेस आणि एक छोटी उसळी

डबीवर बहुधा दोन खुणा असतात, तेल थंड असतानाची आणि गरम असतानाची. पातळी कमी असेल तर भरा, पण तेल आपोआप संपत नाही हे लक्षात ठेवा. ही बंद यंत्रणा आहे. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय.

कुठलं तेल भरायचं हे डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, आणि "पॉवर ऑइल द्या" म्हणून दुकानात मागून चालत नाही. इनोव्हासारख्या गाड्यांना डेक्सरॉन दर्जाचं ए.टी.एफ. (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, ते लाल असतं. होंडाच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगला होंडाचं स्वतःचं पॉवर स्टेअरिंग तेल लागतं, ए.टी.एफ. नाही. आणि ब्रेक ऑइल कधीही, कुठल्याही गाडीत, थेंबभरही नाही. त्याने सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, फुगतात आणि मग खरोखरच पंप-रॅक सगळं काढायची वेळ येते. चुकून गेलंच तर इंजिन चालू न करता आधी डबी रिकामी करा.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्या. लाल किंवा फिकट पिवळं आणि पारदर्शक, तर छान. तपकिरी-काळं आणि जळका वास, तर कधीच बदललेलं नाही. दोन बोटांत चोळल्यावर चंदेरी चकाकी दिसली तर पंप आतून झिजतोय. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा हवा आहे.

हवा ओळखायची रीत अशी. इंजिन चालू, झाकण काढलेलं, टॉर्च डबीत. सोबतच्या माणसाला स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. सोलकढी फेटल्यासारखा बारीक फेस दिसला तर पंप तेलाबरोबर हवा ओढतोय. मग पातळीकडे बघत बघत इंजिन बंद करायला सांगा. इंजिन थांबताक्षणी पातळी चटकन वर उसळली, तर आत हवा अडकलेली आहे. दाबाखाली आकसलेली हवा सुटून फुगते आणि तेल वर ढकलते. ही उसळी ५ मिलिमीटरच्या आत असेल तर फार काळजी नको.

हवा शिरते कुठून? बहुतेकदा डबी ते पंप या ओढीच्या पाइपातून. माझ्या गाडीत हेच झालं होतं आणि त्यातली फसवी गोष्ट सांगतो: या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे क्लिप ढिली झाली किंवा पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग कडक झाली तर तेल फारसं बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. खाली जमीन कोरडी, म्हणून मेकॅनिक म्हणतो गळती नाही, आणि बोट रॅककडे जातं. त्या पाइपच्या दोन्ही टोकांना बोट फिरवून बघा. माझ्या बोटाला लागली होती ती नुसती ओलसर धूळ, थेंबसुद्धा नव्हता.

काही गाड्यांच्या डबीच्या तळाशी बारीक जाळी असते. वर्षानुवर्षांच्या गाळाने ती बुजली की पंपाला तेल पुरत नाही आणि तो कण्हायला लागतो. डबी काढून धुणं हा तासाभराचा उद्योग आहे, आणि पंप बदलण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

पट्टा

इंजिन बंद. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी आधी आवरा, कारण पुढे इंजिन चालू करायचंय. दोन पुलींच्या मधोमध पट्ट्यावर अंगठ्याने चांगला जोर द्या. साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास दबला तर ठीक, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. पट्टा उलटा करून आतली बाजू बघा. भेगा, सुटलेले दोरे, किंवा काचेसारखी चकाकी. चकाकलेला पट्टा घट्ट असूनही घसरतो. त्याच्यावर पंपाचं किंवा इंजिनचं तेल उडालेलं असेल तर नवा पट्टाही महिन्याभरात तसाच होईल, म्हणून आधी ते तेल कुठून येतंय ते बघा.

घसरणाऱ्या पट्ट्याचा आवाज चुकत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की "चीं" अशी किंकाळी येते आणि सोडलं की बंद होते. पावसात डबक्यातून गेल्यावर दोन क्षण ओरडून गप्प बसणारा पट्टा मी माफ करतो. उन्हाळ्यात ओरडणारा नाही.

आवाजांची भाषा

किंचाळी पट्ट्याची. इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होणारं कण्हणं, "ऊंऽऽ", हे हवेचं, कमी तेलाचं किंवा पंपाचं. पहिल्या दोन शक्यता संपवल्याशिवाय तिसरीवर जाऊ नका. स्टेअरिंग टोकाला टेकवून धरल्यावर येणारा फुसफुस आवाज बिघाडाचा नाही. पंपाचा दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून आतला व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. पण स्टेअरिंग तसं टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तेल प्रचंड तापतं. अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना लॉकवर, म्हणजे टोकाला, दाबून धरणारे ड्रायव्हर पंपाचं आयुष्य कमी करतात.

खडबडीत रस्त्यावर येणारी खटखट पॉवरची नसते. ती टायरॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक), बॉल जॉइंट किंवा रॅकच्या बुशची. इंजिन बंद ठेवून, चाकं जमिनीवर असताना, सोबतच्या माणसाला स्टेअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवीकडे पटापट हलवायला सांगा आणि तुम्ही चाकाजवळ उकिडवे बसून टायरॉड एंडवर हात ठेवा. गेलेला एंड हाताला टकटक करून सांगतो. चाक उचलून, घड्याळात तीन आणि नऊ जिथे असतात तिथे धरून हलवलं तर टायरॉडचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो. बारा आणि सहावर धरून हलवलं तर बेअरिंग आणि बॉल जॉइंटचा.

गळती: रात्रीचा पुठ्ठा

रात्री गाडी लावताना इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनने आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघितलं की निम्मं काम झालं. डाग तेलकट आहे की कूलंटचा, याबद्दल शंका असेल तर थेंब वाटीभर पाण्यात टाका. तेल तरंगतं, कूलंट मिसळून जातं. लाल कूलंट आणि लाल ए.टी.एफ. यांत भले भले फसतात. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं, ते सोडून द्या.

मग डागाच्या वर टॉर्च मारा. पंपाच्या पुलीमागे ओलं असेल तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. लोखंडी आणि रबरी भाग जिथे दाबून जोडलेला असतो त्या जागी ओलं असेल तर हायप्रेशर पाइप. हा पाइप क्लिप आवळून किंवा एम-सील लावून थांबवता येत नाही. टायरात साधारण २ बार दाब असतो. या पाइपात स्टेअरिंग टोकाला गेल्यावर तो ६०-७० बारच्या पुढे सहज जातो. म्हणूनच इंजिन चालू असताना या पाइपवर बोट फिरवून गळती शोधू नका, बारीक चिळकांडी कातडी भेदू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरा, तो ओला होईल. आणि हे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत असेल तर गाडी चालवू नका, आग लागू शकते.

आता रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना रबराचे घडीदार बूट असतात, हार्मोनियमच्या भात्यासारखे. इंजिन बंद करून, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकाच्या मागून हात घाला आणि बूट बोटांनी दाबा. कोरडा, हवेने भरलेला लागला तर बरं. आत काहीतरी डुचमळलं, किंवा क्लिपच्या फटीतून तेल ओघळलं, तर रॅकचं सील फुटलंय. हा पुरावा मी मानतो. गॅरेजवाल्याने "रॅक लीक आहे" म्हटलं तर त्याला बूट दाबून दाखवायला सांगा.

बूट फाटलेला असेल आणि आत तेल नसेल, तर आजच्या आज बूट बदला. फाटक्या बुटातून चिखल-पाणी आत गेलं की रॅकचा चकचकीत दांडा गंजतो. त्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले की नवं सीलही ते खरवडून काढतात. अशा दांड्यावर नुसतं सील किट टाकून घेणं म्हणजे तेच काम पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. दांडा गुळगुळीत असेल आणि करणारा हात चांगला असेल तर सील किट पुरतं. म्हणून रॅक उघडल्यावर दांडा बघायला स्वतः जा.

डबीत टाकायच्या "लीक थांबवणाऱ्या" बाटल्यांबद्दल लोक विचारतात. त्या सील मऊ करून फुगवतात, छोटी पाझर काही दिवस थांबतेही. गाडी विकायला काढलेल्या माणसाला त्या आवडतात. म्हणून गाडी विकत घेताना तेलाची पातळी काठोकाठ आणि पंप नुकताच पुसलेला दिसला, तर मी जरा जास्तच वेळ खाली वाकतो.

बाहेर थेंब नाही, तरी जड

तेल ठीक, पट्टा ठीक, हवा नाही, गळती नाही. मग आतली गळती. रॅकच्या पिस्टनचं किंवा व्हॉल्व्हचं सील झिजलं की दाबाचं तेल आतल्या आतच दुसऱ्या बाजूला निसटतं. खूण: एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला बरं, किंवा सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं जड आणि मग ठीक. पंप थकला असेल तर दोन्ही बाजूंना सारखं जड लागतं, आणि तेल गरम होऊन पातळ झाल्यावर जास्तच.

पैसे खर्च करण्याआधी पक्कं करायचं असेल तर चांगल्या वर्कशॉपमध्ये पंप आणि रॅकच्या मध्ये प्रेशर गेज लावतात. त्यावरचा कॉक काही क्षण बंद केला की पंप एकटाच किती दाब देतो ते दिसतं. तो कंपनीच्या आकड्याइतका आला तर पंप निर्दोष, रॅकला पकडा. नाही आला तर पंप. ज्याच्याकडे हा गेज नाही तोही अंदाजाने बरोबर सांगू शकतो, पण रॅकच्या खर्चाला मी अंदाजावर हो म्हणत नाही.

स्टेअरिंग वळवल्यावर इंजिन धडधडत असेल किंवा बंदच पडत असेल, तर स्टेअरिंगला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत पंपावर किंवा पाइपवर एक प्रेशर स्विच असतो. बोजा वाढला की तो कंप्युटरला आरपीएम वाढवायला सांगतो. त्याच्या कनेक्टरमध्ये तेल शिरलंय का बघा.

वळणानंतर स्टेअरिंग परत मध्यावर येत नसेल तर टायरची हवा, अलाइनमेंट, धरलेले जॉइंट बघा. आणि विचारा: हल्ली कोणी रॅकचा प्ले काढण्यासाठी खालचा बोल्ट आवळला होता का? तो जास्त आवळला की नेमकं हेच होतं.

इलेक्ट्रिक असेल तर

इथे तेल नाही, पट्टा नाही, म्हणून लोक थेट मोटरवर येतात. मी बॅटरीवर येतो. किल्ली ऑन केल्यावर स्टेअरिंगचा किंवा ई.पी.एस. असं लिहिलेला दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवी. ती मोटर ताकद लावताना प्रचंड करंट ओढते. बॅटरी म्हातारी असली किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असला की कंप्युटर मदत कमी करतो किंवा बंद करतो. टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थची वायर घासून स्वच्छ करा, मोठा फ्यूज बघा.

स्पीडोमीटरचा काटाही पडलाय का? मग गाडीचा वेग कळत नाही म्हणून स्टेअरिंग गोंधळलेलं असू शकतं. दहा वेळा पुढे-मागे करून गाडी पार्क केल्यावर जड झालं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा हलकं झालं, तर मोटर तापली होती, ती स्वतःला वाचवत होती. एवढं सगळं ठीक असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या आणि तो कागदावर लिहून मागा. काही गाड्यांत मोटरजवळचं छोटं रबरी कपलिंग झिजून कट्कट् आवाज येतो, त्यासाठी अख्खा कॉलम, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा सगळा भाग, बदलायला तयार होऊ नका. स्टेअरिंगचं वरचं झाकण मात्र उघडू नका, आत एअरबॅग असते.

तेल बदलणं आणि हवा काढणं

हे काम घरी करता येतं. पुढची चाकं घोड्यांवर. डबीकडे येणारा परतीचा पाइप काढून बाटलीत सोडा, डबीचं रिकामं झालेलं तोंड बुचाने बंद करा. डबीत नवं तेल ओता आणि इंजिन बंद ठेवूनच सोबतच्या माणसाला स्टेअरिंग सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवायला सांगा. जुनं काळं तेल बाटलीत येत राहील. डबी कधीही रिकामी पडू देऊ नका, नाहीतर आणखी हवा आत जाईल. स्वच्छ तेल यायला लागलं की पाइप परत जोडा. साधारण एक लिटरभर तेल जातं, थोडं जास्त आणून ठेवा.

मग इंजिन बंद असतानाच पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पातळी बघत. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा, पुन्हा हळू फिरवा, टोकाला धरून ठेवू नका. सुरुवातीला थोडं कण्हेल. फेस राहिलाच तर गाडी तासभर उभी ठेवा, हवा आपली वर येते. घाईने गाडी काढून फिरवलीत तर तोच फेस आत घोटला जाईल. जुनं तेल गटारात ओतू नका, जवळच्या सर्व्हिस सेंटरच्या पिंपात देऊन या.

गाडी बाहेर द्यावीच लागली तर

"स्टेअरिंग जड आहे" असं म्हणू नका. म्हणा, "चाकं उचलून फिरवलं तर मोकळं आहे, पट्टा घट्ट आहे, तेलात फेस नाही, डाव्या बुटात तेल आहे." हे ऐकल्यावर समोरचा वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव. काढलेला जुना भाग परत मागा. पाइप बदलला तर वॉशर नवे टाकले का विचारा. रॅक किंवा टायरॉड उघडला असेल तर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, नाहीतर पुढचे टायर काही हजार किलोमीटरांत एका बाजूने खाल्ले जातात.

तोवर गाडी चालवायची का? पॉवर गेली तरी स्टेअरिंग आणि चाकांचा यांत्रिक जोड तसाच असतो, गाडी वळते, फक्त ताकद लागते. जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. घाटात नेऊ नका. आणि डबी पूर्ण कोरडी असेल तर तेवढंही नको, पंप कोरडा फिरून काही मिनिटांत जातो.

काम होऊन गाडी घरी आली की त्या रात्री पुन्हा तोच पुठ्ठा, फक्त उलटी बाजू वर करून.